पोलिश निर्वासितांचे भारतातील मदतकार्य व त्याचे श्रेय

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोव्हिएत संघातून बाहेर पडलेल्या पोलिश नागरिकांना १९४२ ते १९४८ या वर्षांत भारतात आश्रय मिळाला. त्यांच्या वास्तव्याची दोन ठिकाणे विशेष प्रसिद्ध आहेत. पहिले म्हणजे काठेवाडातील नवानगर संस्थानातील बालाचडी येथील मुलांची छावणी आणि दुसरे कोल्हापूर संस्थानातील वळिवडे (आजचा करवीर तालुका, कोल्हापूर जिल्हा) येथील वसाहत. बालाचडीत राहिलेल्या मुलांची संख्या निरनिराळ्या लेखनात सुमारे सहाशेपासून एक हजारापर्यंत दिली जाते. वळिवड्यात सुमारे ५,००० लोक राहत होते व त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती.

या मदतकार्याचे श्रेय मात्र संख्येच्या किंवा कामाच्या प्रमाणात वाटले गेले नाही. लोकप्रिय कथनात ते जवळजवळ सर्वस्वी नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांना दिले जाते. अलीकडच्या काळात, विशेषतः मराठी वृत्तपत्रांत, त्याचा दुसरा वाटेकरी म्हणून कोल्हापूरच्या राजघराण्याचे नाव घेतले जाते. मुंबईतील पोलिश वाणिज्यदूतावास, पोलिश रेडक्रॉस, लंडनस्थित पोलिश सरकार, भारत सरकारचे निर्वासितविषयक अधिकारी आणि छावण्या प्रत्यक्ष चालवणारे स्वतः निर्वासित यांचा उल्लेख त्या मानाने क्वचित होतो.

पार्श्वभूमी

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर पश्चिमेकडून आक्रमण केले आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून शिरले. सोव्हिएत ताब्यात गेलेल्या पूर्व पोलंडमधून फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ या काळात चार मोठ्या लाटांत नागरिकांना मालगाड्यांत भरून सायबेरिया, उत्तर रशिया आणि कझाकस्तानकडे हद्दपार करण्यात आले. यांत निवृत्त सैनिकांना मिळालेल्या जमिनींवर वसलेली कुटुंबे, वनरक्षक, सरकारी नोकर, शिक्षक व अटकेत असलेल्यांचे नातेवाईक होते. सोव्हिएत कागदपत्रांवर आधारलेल्या संशोधनात हद्दपार झालेल्यांची संख्या सुमारे ३ लाख २० हजार येते. युद्धकाळातील पोलिश अंदाज याहून कितीतरी मोठे होते. लाकूडतोडीच्या वसाहतींत आणि सामुदायिक शेतांवर थंडी, भूक व टायफस यांमुळे असंख्य लोक मरण पावले आणि हजारो मुले पोरकी झाली.

२२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावरच हल्ला केल्यावर चित्र पालटले. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमध्ये पोलिश पंतप्रधान जनरल शिकोर्स्की आणि सोव्हिएत राजदूत मायस्की यांच्यात करार झाला. त्यानंतर हद्दपार पोलिश नागरिकांना तथाकथित माफी देऊन सोडण्यात आले आणि जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत भूमीवर पोलिश सैन्य उभे राहू लागले. या सैन्याच्या छावण्यांभोवती मध्य आशियात स्त्रिया व मुलांची गर्दी जमली. मार्च-एप्रिल आणि ऑगस्ट १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून क्रास्नोव्होद्स्कहून इराणमधील पहलवी बंदरात सुमारे १ लाख १५ हजार लोक पोहोचले. त्यांत नागरिकांची संख्या ३७ ते ४० हजारांच्या घरात होती.

या नागरिकांना इराणमध्ये कायमचे ठेवणे शक्य नव्हते. सर्वांत मोठी संख्या ब्रिटिशांच्या ताब्यातील पूर्व व दक्षिण आफ्रिकेत गेली. काही जण भारतमार्गे मेक्सिकोतील सांता रोसा येथे गेले, तर १९४४ मध्ये ७३३ मुले न्यूझीलंडमधील पाहियाटुआ येथे पोहोचली. भारत हा या साखळीतील एक दुवा होता. हा संदर्भ सुटला की भारतातील प्रसंग एका राजाच्या औदार्याची सुटी गोष्ट वाटू लागतो.

मुंबईमार्गे पहिली मुले

भारतात आलेली पहिली मुले वरील समुद्रमार्गाने आली नाहीत. कॅस्पियनमार्गे होणारे पहिले मोठे स्थलांतर सुरू होण्याआधीच मुंबईतील पोलिश वाणिज्यदूत एउगेनियुश बानाशिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा बानाशिन्स्का यांनी मदतीची जुळवाजुळव सुरू केली होती. किरा बानाशिन्स्का भारतातील पोलिश रेडक्रॉसच्या प्रतिनिधी होत्या. औषधे, कपडे व अन्न भरलेले ट्रक बलुचिस्तान आणि पूर्व इराणमार्गे सोव्हिएत सीमेकडे पाठवावेत आणि परतताना त्याच वाहनांतून मुलांना आणावे, अशी योजना होती. अश्गाबाद येथील पोलिश अनाथालयात जमवलेली मुले मशहद, झाहेदान असा खडतर प्रवास करून क्वेट्ट्यास आणि तेथून रेल्वेने पुढे आली. सोबतच्या मंडळींमध्ये युद्धापूर्वीच्या पोलंडमधील अतिशय लोकप्रिय गायिका व अभिनेत्री हांका ओर्दोनुव्हना होत्या. त्या स्वतः सोव्हिएत कैदेतून सुटून आल्या होत्या आणि क्षयाने आजारी होत्या. या मुलांच्या भटकंतीवर त्यांनी पुढे पुस्तकही लिहिले.

१९४२ च्या वसंतात पहिली तुकडी मुंबईत पोहोचली. मुलांना काही महिने वांद्र्यात ठेवण्यात आले. कुपोषण, त्वचारोग आणि हिवताप यांवर उपचार होईपर्यंत त्यांना पुढे हलवणे शक्य नव्हते. त्या वर्षीच्या जुलैमध्ये ती बालाचडीला गेली. क्षयाची बाधा असलेल्या किंवा अशक्त मुलांसाठी पाचगणीच्या हवेचा उपयोग करून घेण्यात आला. पाचगणीच्या निवासी शाळांतही काही पोलिश मुली शिकल्या. मुलांना आणण्याच्या या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचा सहभाग म्हणजे मुख्यतः मुंबई आणि पाचगणी हा होता, कोल्हापूर नव्हे.

बालाचडीची छावणी

जामसाहेब दिग्विजयसिंहजी त्या वेळी नरेंद्र मंडळाचे चॅन्सेलर होते आणि १९४२ मध्ये ब्रिटिश युद्ध मंत्रिमंडळात भारताचे एक प्रतिनिधी होते. मुलांना आपल्या संस्थानात ठेवण्याची तयारी त्यांनी दाखवली आणि जामनगरपासून सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रकाठच्या आपल्या उन्हाळी निवासस्थानाजवळ जागा दिली. भारत सरकारने ५०० मुलांना घेण्याचे मान्य केले होते. राहण्याची सोय कोठे करायची हा प्रश्न जामसाहेबांच्या प्रस्तावामुळे सुटला. त्यांनी केवळ जागा देऊन हात झटकले नाहीत. ते छावणीत वारंवार जात, मुलांच्या नाट्यप्रयोगांना व सणांना हजर राहत, त्यांच्या खाण्याच्या तक्रारी ऐकत. तुम्ही आता पोरके नाहीत, नवानगरच्या प्रजेप्रमाणे तुम्हीही मला 'बापू' म्हणा, असे त्यांनी मुलांना सांगितल्याची आठवण छावणीत वाढलेल्या अनेकांनी नोंदवली आहे. जामसाहेबांच्या वाट्याला आलेल्या कीर्तीचा पाया हा आहे आणि तो खरा आहे. श्रेयाच्या वाटपाची चर्चा करताना या भागाविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

छावणीचा दैनंदिन कारभार पोलिश धर्मगुरू फ्रान्चिशेक प्लुता यांच्याकडे होता. ब्रिटिश संपर्क अधिकारी म्हणून जेफ्री क्लार्क काम पाहत. शिक्षिका, परिचारिका आणि स्वयंपाकघर चालवणाऱ्या स्त्रिया बहुतांशी स्वतःच हद्दपारीतून वाचलेल्या होत्या. १९४६ मध्ये छावणी बंद झाली आणि उरलेली मुले वळिवड्याला हलवण्यात आली. आज त्या परिसरात सैनिक शाळा आहे.

वळिवडे वसाहत

इराणमधील नागरिकांचे लोंढे १९४२ च्या उत्तरार्धात वाढले तेव्हा मुलांपुरती छावणी अपुरी ठरणार हे उघड झाले. इराणी बंदरांतून जहाजाने कराचीला आलेल्या लोकांना तेथील तात्पुरत्या तंबूंच्या छावण्यांत ठेवले जाई. कायम वसाहतीसाठी कोल्हापूर-मिरज लोहमार्गालगत, पंचगंगेपासून जवळ असलेली वळिवड्याची जागा ठरली. १९४३ च्या उन्हाळ्याच्या अखेरीपासून कराचीहून आगगाड्या थेट कोल्हापूरकडे येऊ लागल्या.

वळिवडे ही छावणी म्हणून बांधली गेली, पण प्रत्यक्षात ते एक लहानसे पोलिश गाव झाले. लांबलचक बराकींच्या रांगा होत्या आणि प्रत्येक कुटुंबाला बराकीचा एक भाग मिळे. प्राथमिक शाळा, माध्यमिक विद्यालय, व्यवसायशिक्षण, रुग्णालय, चर्च, टपालघर, नाट्यगृह, सहकारी दुकान, बालवीर व वीरबाला पथके असा सगळा संसार तेथे उभा राहिला. व्यवस्थापनाचा पोलिश भाग कॅप्टन याग्येवोविच यांच्याकडे होता. घरोघरी भाजी, दूध, अंडी, कापड घेऊन येणारे विक्रेते आसपासच्या गावांतले व कोल्हापूर शहरातले होते. छावणीतल्या लहान मुलांना मोडकेतोडके मराठी येऊ लागले आणि विक्रेत्यांना आकडे व खाद्यपदार्थांची नावे पोलिश भाषेत म्हणता येऊ लागली. काही पोलिश तरुणींचे विवाह स्थानिक कुटुंबांत झाले आणि त्या कायमच्या कोल्हापूरकर झाल्या.

छावणीत प्रौढ पुरुष कमी होते, कारण वयात बसणारे बहुतेक जण अँडर्स यांच्या सैन्यात होते. मे १९४४ मध्ये इटलीतील मोंते कासिनोच्या लढाईत पोलिश दुसऱ्या कोअरने मोठी हानी सोसून टेकडी घेतली, तेव्हा वळिवड्यातील अनेक घरांना मृत्यूच्या तारा आल्या. कोल्हापुरातील ख्रिस्ती दफनभूमीत आजही पोलिश थडगी आहेत.

याच वर्षात, १९४३ मध्ये, बंगालमध्ये दुष्काळाने लाखो लोक मरत होते. भारतीय जनतेच्या उपासमारीकडे पाठ फिरवणारे सरकार युरोपीय निर्वासितांसाठी शाळा व रुग्णालये उभारू शकत होते, ही विसंगती नोंदवली पाहिजे. ती निर्वासितांच्या माथी मारणे मात्र रास्त नाही. त्यांचा खर्च बंगालच्या तोंडचा घास काढून झालेला नव्हता, हे पुढील विवेचनावरून दिसेल.

खर्च कोणी केला

श्रेयाच्या प्रश्नात सर्वाधिक गोंधळ खर्चाविषयी आहे. जामसाहेबांनी हजार मुलांना पदरमोड करून सांभाळले असे सरसकट लिहिले जाते. बालाचडीसाठी त्यांनी जागा, इमारती आणि स्वतःचे पैसे दिले हे खरे आहे, पण मुलांच्या पोषणासाठी देणग्यांचा एक निधी उभारला होता. त्यात नरेंद्र मंडळातील इतर संस्थानिकांनी आणि खासगी भारतीय दात्यांनी भर घातली. जामसाहेबांचे मोठे कार्य म्हणजे मंडळाचे चॅन्सेलर या नात्याने त्यांनी इतर राजांना या कामात ओढले. एकट्याचे औदार्य म्हणून ही गोष्ट सांगितली की तेच झाकले जाते.

वळिवड्याची व्यवस्था निराळी होती. तेथील खर्चाची जबाबदारी लंडनमधील पोलिश सरकारवर होती आणि ते सरकार हा पैसा ब्रिटिश सरकारकडून मिळणाऱ्या कर्जातून भागवत असे. भारतीय तिजोरीवर बोजा पडू नये असा दिल्लीचा आग्रह होता. म्हणजे या ५,००० लोकांचा निर्वाह हे मुख्यतः पोलंडने स्वतःच्या नावावर काढलेले ऋण होते. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने वॉर्सातील नव्या सरकारला मान्यता देऊन लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली, तेव्हा छावणी अडचणीत आली आणि पुढे जबाबदारी आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनांकडे गेली.

कोल्हापूर संस्थानाने जमीन उपलब्ध करून दिली, वसाहतीला आपल्या हद्दीत राहू दिले आणि स्थानिक प्रशासनाचे साहाय्य दिले. भारत सरकारच्या वतीने संपूर्ण निर्वासित व्यवहाराची सूत्रे कॅप्टन ए. डब्ल्यू. टी. वेब या अधिकाऱ्याकडे होती. कागदपत्रांत त्यांचे नाव पानोपानी दिसते, पण एकाही शिलालेखावर नाही. अशा व्यवहारात कारकुनी काम करणाऱ्याला सहसा स्मारक मिळत नाही.

'नाकारलेल्या जहाजा'ची कथा

मराठी, हिंदी आणि इंग्रजीत सर्वाधिक पसरलेली कथा अशी आहे: पोलिश मुलांनी भरलेले एक जहाज देशोदेशी फिरत, सर्वत्र नकार घेत मुंबई बंदरात आले. ब्रिटिश गव्हर्नरने ते उतरू दिले नाही. तेव्हा जामसाहेबांनी इंग्रजांना न जुमानता ते आपल्या संस्थानातील बंदरात उतरवून घेतले. समाजमाध्यमांवर ही गोष्ट दरवर्षी नव्याने फिरते आणि वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतही ती जशीच्या तशी आलेली आढळते.

ही कथा पहिल्या मुलांच्या आगमनाच्या नोंदींशी जुळत नाही. ती मुले जमिनीच्या मार्गाने, ट्रक व रेल्वेने आली. ती भारत सरकारच्या संमतीने आली व मुंबईतच काही महिने राहिली. ज्या शहराने त्यांना नाकारले असे सांगितले जाते, त्याच शहरातील वांद्रे भागात त्यांच्यावर उपचार झाले. संस्थानिकाला परराष्ट्रीय व्यवहारात ब्रिटिशांना डावलून असा निर्णय घेता येणे घटनात्मकदृष्ट्याही शक्य नव्हते.

इंग्रज सरकार सढळ हाताचे होते असा याचा अर्थ नव्हे. संख्येवर मर्यादा, खर्चाविषयीची काटेकोर अट आणि निर्णयातील दिरंगाई हे सगळे होते. परंतु 'एक शूर राजा विरुद्ध निर्दय साम्राज्य' ही मांडणी करताना मधले सगळे लोक पुसले गेले: वाळवंटातून ट्रक नेणारे चालक, मुलांना गोळा करणारे अश्गाबादचे शिक्षक, बानाशिन्स्की दांपत्य, ओर्दोनुव्हना. या कथेत त्यांना जागाच नाही, कारण जहाज आपोआप आलेले असते.

दत्तकविधानाचा प्रश्न

दुसरी लोकप्रिय समजूत अशी की जामसाहेबांनी हजार मुलांना कायदेशीर दत्तक घेतले. यामागे खरी घटना आहे, पण तिचा काळ व हेतू वेगळा आहे. युद्ध संपल्यावर अनाथ मुलांना साम्यवादी राजवटीखालील पोलंडमध्ये परत पाठवावे अशी मागणी होऊ लागली. मुलांपैकी अनेकांची मूळ गावे आता सोव्हिएत संघात गेली होती. ज्या राज्याने त्यांच्या आईवडिलांना हद्दपार केले त्याच्याच प्रभावाखालील व्यवस्थेत त्यांना धाडणे छावणीच्या चालकांना मान्य नव्हते. म्हणून अनाथ मुलांचे पालकत्व औपचारिकरीत्या स्वीकारण्यात आले. ही जबाबदारी एकट्या जामसाहेबांनी घेतलेली नव्हती. फादर प्लुता आणि जेफ्री क्लार्क हेही त्यात सहभागी होते.

पुढे प्लुता यांनी मुलांचा एक गट अमेरिकेत नेला आणि वॉर्सा सरकारने त्यांच्यावर मुले पळवल्याचा आरोप केला. धोका पत्करण्याचा हिशेब करायचा तर त्या काळी ज्या धर्मगुरूला मायदेशी परतता येणार नव्हते, त्याचा वाटा लहान नाही. तरीही 'पोलिश मुलांचे पालक' म्हणून त्यांचे नाव भारतात जवळजवळ अज्ञात आहे.

कोल्हापूरच्या बाजूने होणारी दुरुस्ती

बालाचडीच्या कीर्तीपुढे वळिवडे झाकोळले गेले, ही महाराष्ट्रातील अभ्यासकांची व पत्रकारांची तक्रार न्याय्य आहे. वळिवड्यातील लोकसंख्या बालाचडीच्या कितीतरी पट होती, वसाहत अधिक काळ चालली आणि शेवटी बालाचडीची उरलेली मुलेही तेथेच आली. तरी दीर्घकाळ भारतातील पोलिश निर्वासित म्हटले की नवानगरचेच नाव पुढे येई.

या विस्मरणाची कारणे शोधता येतात. बालाचडीत फक्त मुले होती आणि त्यांच्याजवळ एक प्रेमळ, बोलका राजा होता. वळिवड्यात आया, आजारी वृद्ध, शाळा आणि रेशनच्या रांगा होत्या. कथेला नायक नव्हता. शिवाय जामसाहेबांनी शिकोर्स्की यांच्याकडे मोबदला म्हणून फक्त वॉर्सामधील एका रस्त्याला आपले नाव मागितले, अशी आख्यायिका होती. स्वतंत्र पोलंडला ती पुरी करण्याची संधी मिळाली. कोल्हापूरकडे अशी मागणी करणारा कोणी नव्हता.

ही उणीव भरून काढताना मात्र तोच दोष पुन्हा घडतो. 'कोल्हापूरच्या छत्रपतींनी पाच हजार पोलिश लोकांना आश्रय दिला' असे विधान आता रूढ झाले आहे आणि त्याला कधी राजाराम महाराजांचे, कधी शहाजी महाराजांचे नाव जोडले जाते. वस्तुस्थिती अशी की राजाराम महाराजांचे निधन नोव्हेंबर १९४० मध्येच झाले होते. शहाजी महाराज १९४७ मध्ये गादीवर आले, म्हणजे वसाहत संपत आली तेव्हा. वळिवडे वसले त्या १९४३ साली गादीवर दत्तक घेतलेले शिवाजी महाराज होते. त्यांचा जन्म नोव्हेंबर १९४१ चा, म्हणजे ते जेमतेम दीड वर्षांचे होते, आणि १९४६ मध्ये बालवयातच त्यांचे निधन झाले. कारभार राजाराम महाराजांच्या पत्नी महाराणी ताराबाई यांच्या रीजन्सीकडे होता आणि त्यावर ब्रिटिश रेसिडेंटची देखरेख होती. दरबारातील कोणा व्यक्तीला श्रेय द्यायचेच झाले तर ते महाराणी ताराबाईंना व त्यांच्या प्रशासनाला दिले पाहिजे. मराठी लेखनात नेमके त्यांचेच नाव सर्वांत कमी येते.

गावकऱ्यांचा वाटाही असाच 'कोल्हापूरकरांचे मोठे मन' या एका शब्दसमूहात गुंडाळला जातो. त्यांनी शेजारी म्हणून पाच वर्षे व्यवहार केला, माल विकला, उधारी दिली, सणांना एकमेकांकडे गेले. हे उपकार नव्हते, शेजारधर्म होता. वळिवड्यात वाढलेल्यांच्या आठवणींत राजघराण्यापेक्षा हे विक्रेते, टांगेवाले आणि आयाच अधिक ठळक आहेत.

उल्लेखातून सुटलेले

किरा बानाशिन्स्का यांच्या कामाची व्याप्ती वर आली आहे. ट्रकांची मोहीम, वांद्र्यातील सोय, पाचगणीची व्यवस्था, बालाचडी व वळिवडे येथील रेडक्रॉसचे काम या सर्वांना जोडणारी व्यक्ती त्याच होत्या. युद्धानंतर नव्या पोलिश राजवटीत परत न जाता त्या भारतातच राहिल्या.

याहून मोठा गट निर्वासित स्त्रियांचा आहे. वळिवड्यातील शाळांत शिकवणाऱ्या, रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या, पाठ्यपुस्तके नसताना धडे हाताने उतरवून देणाऱ्या बहुतेक स्त्रिया दोनच वर्षांपूर्वी सायबेरियातून आल्या होत्या. मदतीच्या इतिहासात त्यांची नोंद 'लाभार्थी' म्हणून होते. प्रत्यक्षात छावणीतील जवळजवळ प्रत्येक सेवा त्यांनीच दिली.

विस्मरण व पुनर्शोध

या प्रसंगाच्या स्मृतीचा इतिहास पोलंडच्या राजकारणाशी बांधलेला आहे. १९४५ ते १९८९ या काळात पोलंडमध्ये सोव्हिएत हद्दपारीविषयी उघड लिहिणे शक्य नव्हते. त्यामुळे सायबेरियातून भारतात आलेल्यांची कहाणी मायदेशी जवळजवळ बंद राहिली आणि ती जपली ती लंडन व इतर देशांतील विखुरलेल्या पोलिश समाजाने. १९४२ ते १९४८ या काळात भारतात राहिलेल्यांनी आपला संघ स्थापन केला, संमेलने भरवली आणि आठवणी व कागदपत्रांचा एक मोठा संग्रह प्रसिद्ध केला. वळिवड्याविषयी आज जे तपशील ठाऊक आहेत, त्यांचा मोठा भाग या संग्रहातून आला आहे.

१९८९ नंतर पोलिश राज्यसंस्थेने ऋणनिर्देश सुरू केला, तेव्हा जामसाहेब हयात नव्हते. त्यांचे १९६६ मध्ये निधन झाले होते. वॉर्सातील बेद्नार्स्का रस्त्यावरील शाळेने त्यांचे नाव घेतले. पुढे 'भला महाराजा' या नावाने शहरात एक चौक झाला, स्मारक उभे राहिले आणि त्यांना मरणोत्तर पोलिश सन्मानही देण्यात आला. २०१३ मध्ये बालाचडीवर एक माहितीपट आला. अनुराधा भट्टाचारजी यांच्या २०१२ मधील 'द सेकंड होमलँड' या इंग्रजी ग्रंथाने अभिलेखागारांतील कागदपत्रांच्या आधारे दोन्ही ठिकाणांचा आणि पैशाच्या व्यवहाराचा एकत्र मागोवा घेतला.

कोल्हापुरात महावीर उद्यानात १९९८ मध्ये वळिवड्याच्या माजी रहिवाशांनी स्मारक उभारले. येथे क्रम लक्षात घेण्याजोगा आहे: हे स्मारक सरकारने नव्हे, आश्रय घेतलेल्यांनी स्वतः उभारले. वॉर्सामध्ये कोल्हापूरचे स्मरण करणारे स्मारक २०१७ मध्ये आले. सप्टेंबर २०१९ मध्ये वळिवडे येथे पोलंडच्या उपपरराष्ट्रमंत्र्यांच्या उपस्थितीत स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले. त्या वेळी वयाची ऐंशी-नव्वदी गाठलेले काही माजी रहिवासी आपल्या बालपणीची जागा पाहायला आले होते. २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सात जामसाहेबांच्या व कोल्हापूरच्या अशा दोन्ही स्मारकांना भेट दिली. त्या दौऱ्यात पोलिश तरुणांसाठी जाहीर झालेल्या आदानप्रदान योजनेला मात्र पुन्हा जामसाहेबांचेच नाव देण्यात आले.

छावणीनंतरची जागा

वळिवड्यातील लोक १९४७ आणि १९४८ च्या सुरुवातीला टप्प्याटप्प्याने निघून गेले. बरेच जण सैन्यातील नातेवाइकांमागे इंग्लंडला गेले, काही पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत, काही ऑस्ट्रेलिया व अमेरिका खंडात. पोलंडला परतणारे थोडे होते. बराकी फार काळ रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथे वसवण्यात आले आणि वसाहतीला गांधीनगर हे नाव मिळाले. मार्च १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. आज गांधीनगर कापडाची घाऊक बाजारपेठ म्हणून पश्चिम महाराष्ट्रात व सीमाभागात ओळखले जाते.